पहाटेचे पाणी आणि दुपारचे पाणी

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागांसाठी व शेततळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तुमच्या गावातल्या अशाच एखाद्या हिरवट पाण्याच्या शेततळ्यातून सूर्योदयापूर्वी एक बाटली भरून घेतली आणि दुपारी चार वाजता त्याच जागेवरून दुसरी. (प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा काठ फार निसरडा असतो. पाणी मोठ्या माणसांनाच काढू द्यावे.) दोन्ही पाण्यांत लगेच फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-दोन थेंब टाकले, तर पहाटेचे पाणी बहुधा बिनरंगी राहील आणि दुपारचे गुलाबी होईल. म्हणजे त्याचा सामू ८.२ च्या वर गेला. तळ्यात चुना कोणी टाकला नाही, सोडाही नाही. मग पाणी अल्कधर्मी झाले कसे?

हे काम उजेडाचे आहे. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून कार्बोनिक आम्ल हे सौम्य आम्ल बनते. पाणी हिरवे दिसते ते त्यातील सूक्ष्म वनस्पतींमुळे. ऊन पडले की त्या प्रकाशसंश्लेषणासाठी हा वायू झपाट्याने वापरू लागतात. हवेतून तो तितक्या वेगाने पाण्यात येत नाही. आम्ल कमी होते, म्हणून सामू चढतो. पहाटे ७.५ असलेला सामू दुपारी ९ च्याही पुढे जाऊ शकतो. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, पण श्वसन चालूच! वनस्पती, मासे आणि तळाच्या गाळातील जीवाणू मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतात व सामू पुन्हा उतरतो.

आता यात माशांचे काय होते ते पाहू. शेततळ्यात कटला, रोहू सोडलेले असतील तर त्यांना दोन्ही वेळा अडचणीच्या. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. त्याचा काही भाग अमोनियम आयनांच्या रूपात असतो, तो फारसा अपायकारक नाही. मुक्त अमोनिया मात्र विषारी. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ७ टक्के मुक्त असतो, पण सामू ९ झाला की जवळजवळ ४५ टक्के! अमोनिया वाढलेला नसतो, उजेडाने त्याचे रूप पालटलेले असते.

पहाटेची अडचण वेगळी. दिवसा साठलेला ऑक्सिजन रात्रभराच्या श्वसनात संपत येतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले तर मुळात साठाच कमी होतो. मग मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात आणि कधी सकाळी मेलेले तरंगतात. विष कोणी घातले, असा संशय शेजाऱ्यावर घेण्याआधी पाण्याचा रंग आणि मागील दोन दिवसांचे आभाळ आठवून पाहावे.

शाळेत हा प्रयोग बाटल्यांत करता येतो. पाण्यात आधी फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब घालून पाहा. गुलाबी झाले तर नळीने त्यात फुंका, श्वासातील कार्बन डायऑक्साइडने रंग जाईल. असे बिनरंगी पाणी तीन बाटल्यांत काठोकाठ भरा. दोहोंत हायड्रिलाच्या ताज्या फांद्या घाला आणि त्यांपैकी एक बाटली काळ्या कापडात गुंडाळा. तिसरीत नुसते पाणी. बुचे लावून तिन्ही बाटल्या पाण्याच्या परातीत उन्हात ठेवा, म्हणजे फार तापणार नाहीत. तीन-चार तासांनी कोणती गुलाबी होते? काळे कापड कशासाठी आणि तिसरी बाटली कशासाठी, हे वहीत आपल्या शब्दांत लिहा.

समुद्रातील प्रवाळ पाळणाऱ्यांनाही याच चढउताराशी झगडावे लागते. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडात प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा अधिक वेगाने वाढतो. काचेच्या टाकीत दिवे लागले की सामू चढतो, मालवले की उतरतो. त्यावर एक गमतीदार तोड आहे. शेजारच्या लहान टाकीत समुद्री शैवाल ठेवतात, दोन्ही टाक्यांतून पाणी फिरवतात आणि शैवालावरचा दिवा मुख्य टाकीतील दिवे बंद झाल्यावर लावतात. एकीकडे रात्र, तेव्हा दुसरीकडे दिवस! शेततळ्यावर रात्रभर दिवे लावणे कोणाला परवडणार? तिथे पहाटे पंप लावून पाणी फवाऱ्यासारखे उडवतात, त्याने हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.