वॉट वाढवायच्या आधी

अगं, हॅम रेडिओचं लायसन्स हातात पडलं हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कंपनीची शिफ्ट सांभाळायची, घरी येऊन स्वयंपाकाला हात लावायचा आणि सगळ्यांची निजानीज झाल्यावर पुस्तक उघडायचं. असं करून तू परीक्षा काढलीस. आता व्हीयू३ने सुरू होणारं ते कॉलसाइन तुझं स्वतःचं. लग्न झालं, आडनाव बदललं, तरी ते बदलत नाही.

पण त्याच दमात तू लिहिलंस, ‘ताई, दहा वॉटमध्ये कोणी ऐकत नाही, मला चारशे-पाचशे वॉटचं पॉवर अँप्लिफायर बांधायचंय.’ बांध, माझी ना नाही. फक्त आधी चार गोष्टी ऐकून घे, कारण या बाबतीत तुला स्पष्ट बोलणारं माणूस जवळ असायला हवं.

पहिली गोष्ट कायद्याची. तुझं लायसन्स रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, त्याला मर्यादा ५० वॉटची. चारशे वॉट जनरल ग्रेडवाल्यांना. कागदावर काय छापलंय ते नीट वाच आणि तेवढ्यातच राहा. दुसरी गोष्ट हिशेबाची. समोरच्याच्या एस-मीटरवर काटा एका घराने वर जायचा तर पॉवर चौपट लागते. म्हणजे दहाचे चाळीस वॉट केलेस, तर पलीकडच्या माणसाला फरक एकाच घराचा. शंभरचे चारशे केले तरी तेवढाच. एवढ्यासाठी किती पैसे, किती उष्णता आणि किती जोखीम, याचा विचार कर.

तुझी खरी अडचण मला वेगळीच वाटते. सणसवाडीत तू राहतेस तिथे दोन्ही बाजूंना कारखाने. मोटरींचे ड्राइव्ह, वेल्डिंग, एलईडी दिव्यांचे स्वस्तातले सप्लाय, सगळ्यांचा गोंगाट ४० मीटर बँडवर येऊन बसतो. अँप्लिफायरने तुझा आवाज मोठा होईल, पण तुला ऐकू येणारं तसूभरही वाढणार नाही. समोरच्याने उत्तर दिलं आणि ते तुला गोंगाटात कळलंच नाही, तर काय उपयोग? आधी अँटेना बघ. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल साधारण २० मीटर लांब होतो. आत्ता तो कठड्याला टेकलाय. गच्चीवर पाइप उभा करून मध्यभाग जेवढा उंच नेता येईल तेवढा ने, आणि तार कारखान्यांपासून शक्य तेवढी लांब ठेव. हे केल्यावर दहा वॉटमध्येच किती जण उत्तर देतात ते बघ, मग पुढचं.

आता अँप्लिफायर. तुझ्याकडे मायक्रोबिटेक्स सेट आहे, हे फार चांगलं. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ साली बिटेक्सचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याचंच हे पुढचं रूप. त्याच्या किटमधली कॉइल्स गुंडाळायचं काम हैदराबादच्या बायकांच्या गटाने केलंय. तेव्हा ‘हे मुलींचं काम नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला सेट उघडून दाखव. त्यात शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१० हे मॉस्फेट आहेत. मुळात ते रेडिओसाठी केलेले नाहीत, स्विचिंग पॉवर सप्लायचे आहेत, पण स्वस्त असल्यामुळे हॅम लोकांनी ते आपलेसे केले. त्याच मॉस्फेटची जोडी चोवीस-अठ्ठावीस व्होल्टवर पुश-पुलमध्ये लावलीस की वीस-पंचवीस वॉट आरामात मिळतात. तुझं पहिलं अँप्लिफायर हेच असू दे.

आणि पहिलं जळेल, हे धरूनच चाल. म्हणून दुरुस्तीचं आधी सांगते. अँप्लिफायर बांधणारी माणसं पुष्कळ असतात, जळलेल्यात नेमकं काय गेलं ते शोधणारी कमी. शिकणं तिथेच असतं.

समज, पॉवर यायची बंद झाली आणि फ्यूज उडाला. लगेच दुसरा फ्यूज घालायचा नाही. सप्लाय काढ, मल्टिमीटर घे, मॉस्फेटचं ड्रेन-सोर्स मोज. दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य ओहम दाखवत असेल तर तो गेला. गेट-सोर्सही मोज. या गेटला वीस व्होल्टच्या वर सोसत नाही, जास्त ड्राइव्ह दिलास किंवा हाताची स्टॅटिक लागली तरी आतला पातळ थर फुटतो. मग तो का गेला हे शोध. नवा लावून मोकळं व्हायचं नाही. पुष्कळदा कारण मायकाच्या चकतीत असतं. या मॉस्फेटच्या पाठीचा पत्रा म्हणजेच ड्रेन, त्याच्यावर पूर्ण सप्लाय असतो. हीट सिंक मात्र ग्राउंडला. दोघांच्या मध्ये मायका आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी हवीच. स्क्रू आवळताना ड्रिलच्या भोकाची बारीकशी कड मायकात घुसली तरी शॉर्ट. म्हणून भोक पाडल्यावर कड घासून, बोट फिरवून बघ, मगच थर्मल पेस्ट लाव, तीही पातळ.

नवी जोडी बसवल्यावर दोन्ही बायस प्रीसेट अगदी कमीवर आण. सप्लायच्या वायरीत अँपिअर मीटर घाल, ड्राइव्ह देऊ नकोस. पहिला प्रीसेट हळूहळू फिरव, करंट १०० मिलीअँपिअरने वाढला की थांब. मग दुसरा, आणखी १००. प्रीसेट ठरावीक जागेपर्यंत काहीच करत नाही आणि मग एकदम पकडतो, तेव्हा घाई करायची नाही. पाच मिनिटं तसंच ठेवून परत वाच. मॉस्फेट तापला की त्याच बायसला जास्त करंट घेतो, आणि जास्त करंट घेतला की आणखी तापतो. करंट आपला आपण चढत असेल तर बायसचा डायोड हीट सिंकला नीट चिकटलेला नाही, असं समज.

हे सगळं अँटेनावर करायचं नाही हं. डमी लोड कर. एक किलोओहम, दोन वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॉट. तारेचे गुंडाळलेले नकोत, मेटल ऑक्साइडचे घे. दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये एका रांगेत सोल्डर केलेस की तासाभराचं काम आहे. माझ्या मते हे अँप्लिफायरच्याही आधी बांधावं.

आणि लो पास फिल्टरशिवाय अँप्लिफायर अँटेनाला लावायचंच नाही, एका सेकंदासाठीही नाही. ७.१ मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक २१.३ला पडतो, म्हणजे बरोबर १५ मीटरच्या हॅम बँडात. दुसऱ्या हार्मोनिकला पुश-पुल बरंचसं दाबतं, तिसऱ्याला ते काही करत नाही. मॉस्फेटचं अँप्लिफायर कधीकधी स्वतःहूनच वरच्या फ्रीक्वेन्सीला बोलायला लागतं, शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि तुला पत्ता नसतो. गेटमध्ये छोटा रेझिस्टर, फेराइट मणी, आखूड लीड, हे त्यासाठीच. वर जुन्नर तालुक्यात खोडदला काय आहे ते तू शाळेच्या सहलीत पाहिलंस ना? ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ती दुर्बीण दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासपासून वरचं आकाश ऐकते, कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण कुजबुज. गोंगाट कमी असलेली जागा म्हणून तो भाग निवडला. त्याच पुणे जिल्ह्यात बसून आपण घाणेरडा सिग्नल सोडायचा हे मला पटत नाही. कोणी तक्रार करो न करो.

आता तू ज्याबद्दल हळूच विचारलंस, ते व्हॉल्व्हचं. पुण्याच्या जुन्या बाजारात ८११ए नाहीतर ८०७ दिसले की जीव खेचतो, मला माहीत आहे. लालसर उजळणारा व्हॉल्व्ह मलाही फार आवडतो. पण ८०७च्या प्लेटला सहाशे-साडेसातशे व्होल्ट, ८११एला दीड हजारापर्यंत, आणि त्याहून मोठ्या व्हॉल्व्हना तर दोन-तीन हजार लागतात, आणि इथे मी तुला ताई म्हणून अडवणार. एक हिशेब दाखवते. ४५० व्होल्टचे, २२० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये लावले आणि त्यांवर २४०० व्होल्ट चढवले, तर आत जवळजवळ ८० ज्यूल साठतात. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी ते तिथेच असतात. म्हणून प्रत्येक कपॅसिटरला १०० किलोओहमचा, किमान दोन वॉटचा ब्लीडर हवा. तोही दोन मिनिटं घेतो, आणि एखादा ब्लीडर तुटलेला असेल तर तिथला चार्ज मुळीच उतरत नाही. झाकण उघडायच्या आधी मीटरने मोजायचं, मग लांब कोरड्या काठीला बांधलेल्या ग्राउंडच्या तारेने डिस्चार्ज करायचं, आणि काम चालू असेपर्यंत ती तार तिथेच लावून ठेवायची. डावा हात पाठीमागे. हातात बांगडी नको, अंगठी नको, गळ्यात लोंबणारी साखळी तर नकोच. ओढणी काढून ठेव. रात्रपाळी करून आलीस त्या दिवशी झाकण उघडायचं नाही. एकटी असताना तर नाहीच. घरातल्या एकाला तरी मेन स्विच कुठे आहे आणि तुला शॉक बसला तर तुला हात न लावता तो आधी पाडायचा, हे शिकवून ठेव. आईला शिकव, ती घाबरत नाही.

भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतो आणि दोन हजार व्होल्ट देतो, म्हणून कोणी सुचवेल. ऐकू नकोस. त्याच्या हाय व्होल्टेजचं एक टोक सांगाड्यालाच जोडलेलं असतं आणि करंट माणूस मारायला पुरून उरतो. तसंच जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या किंवा सिरॅमिक व्हॉल्व्हच्या पांढऱ्या भागात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं. ते फोडायचं, घासायचं नाही, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमची बाधा होते.

सुटे भाग घ्यायला तपकीर गल्लीत जाशील तेव्हा काउंटरवरचा माणूस तुझ्या मागे उभ्या असलेल्या दादाला विचारेल, ‘काय पाहिजे?’ उत्तर तू दे. आयआरएफ५१० चारच्या जागी आठ घे, कारण दुसऱ्याच मॉस्फेटवर नंबर छापून विकलेले नकली खूप फिरतात. घरी आल्यावर प्रत्येकाचं गेट कितव्या व्होल्टला उघडतं ते मोज. दोन ते चार व्होल्टच्या मध्ये यायला हवं. त्यातले जवळजवळ सारखे दोन निवडून जोडी कर. बाकीचे डबीत, नाव-तारीख घालून.

जाता येता नगर रोडवर येरवडा लागतं. तिथल्या तुरुंगात उषा मेहता होत्या, हे तुला माहीत आहे? १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. ट्रान्समीटर जुळवून दिला नरीमन प्रिंटर यांनी, आणि प्रक्षेपण होतं ४२.३४ मीटरवर. मी गणित करून बघितलं, ते ७.०८ मेगाहर्ट्झ होतं. तू ज्या बँडवर बोलतेस, तोच. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या आणि १९४६ साली सुटल्या. पुढे २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवत होत्या. व्हीयू४आरबीआय हे त्यांचं तिथलं कॉलसाइन होतं. फोन बंद पडल्यावर तिथल्या लोकांचे निरोप त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बाहेर पोचवले. त्या पहाटे किती वॉट होते यापेक्षा सेट चालू होता आणि चालवणारीला तो आतून-बाहेरून ठाऊक होता, याला महत्त्व.

अर्थिंगचं राहिलं. आपल्याकडची जमीन मुरमाड, उन्हाळ्यात कोरडी ठाक. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलास तरी एप्रिलपासून रोज बादलीभर पाणी ओत. वळवाचे ढग दिसले की अँटेनाची कोॲक्स केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाक, आळस करू नकोस. शेजारच्या काकूंच्या टीव्हीत आडव्या रेघा आल्या तर वाद घालायच्या आधी तुझा फिल्टर तपास.

आता एवढंच कर. डमी लोड बांध आणि मायक्रोबिटेक्सची पॉवर त्याच्यावर प्रत्येक बँडला मोजून मला पाठव. दहा मीटरला ती चाळीस मीटरपेक्षा बरीच कमी येईल, त्याने घाबरू नकोस. आकडे आले की अँप्लिफायरच्या इनपुटला ड्राइव्ह कमी करणारा किती डेसिबलचा पॅड घालायचा ते आपण दोघी मिळून काढू.