डार्टमूरच्या माळावरील पाणचक्क्या

इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येस डेव्हन परगणा आहे, व त्याच्या मध्यावर डार्टमूर नावाचे उंच पठार आहे. झाडी थोडी, माती काळी व दलदलीची, वारा सतत व पाऊस विपुल. अशा माळास तिकडे ‘मूर’ म्हणतात. येथे धान्य थोडेच पिके, ते बहुधा ओट व राय. परंतु ओढ्यांना तोटा नव्हता, आणि त्या ओढ्यांवरच खेड्यांचे दळण चाले.

हे ओढे लहान खरे. पण त्यांस उतार मोठा. म्हणून वरच्या अंगास पाणी अडवून डोंगराच्या कडेने पाट काढीत, आणि तो जवळजवळ सपाटीने आणून त्यातील पाणी चाकाच्या माथ्यावर सोडीत. चाकाच्या घेरावर खण असत. ते भरले की पाण्याच्या भारानेच चाक खाली फिरे. जॉन स्मीटन ह्या अभियंत्याने १७५९ साली प्रयोगांनी दाखविले की, माथ्यावरून पाणी घेणारे चाक पाण्याच्या शक्तीचा सुमारे दोनतृतीयांश भाग कामी लावते. खालून धक्का घेणारे चाक एकतृतीयांशही लावीत नाही. चाक उभे, तर जात्याच्या तळ्या आडव्या. तेव्हा मध्ये दातेरी चाके घालून गती वळवीत व वाढवीत. तळ्या पुष्कळदा त्याच माळावरील ग्रॅनाइटच्या असत. घडता घडता टाकून दिलेल्या अर्धवट तळ्या आजही तेथे गवतात पडलेल्या दिसतात. आपल्या जात्याप्रमाणे त्यांसही वरचेवर टाकी लावावी लागे.

येथवर हे सोयीचेच वर्णन झाले. परंतु गिरणी कोणाची, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. विल्यम राजाने १०८६ साली करविलेल्या मोजणीत इंग्लंडात सुमारे सहा हजार गिरण्या नमूद आहेत. त्यांपैकी बहुतेक सरदारांच्या, मठांच्या किंवा राजाच्या होत्या. कुळांनी आपले धान्य धन्याच्याच गिरणीत दळावे व त्यातील ठराविक हिस्सा तेथे ठेवावा, असा नियम असे. डार्टमूरवर बेबनी येथे १३०३ साली राजाच्या कुळांकरिता अशीच गिरणी उभारली गेली.

मग घरच्या जात्याचे काय? आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजीने पहाटे जाते ओढले असेल, त्यांस वाटेल की गिरणी आल्यावर ते कोण जवळ बाळगील! परंतु लोकांनी जाती सोडली नाहीत. हाताचे श्रम कठीण, तरी ते आपले. गिरणीत मात्र पिठाचा वाटा द्यावा लागे. माळापासून दूर, सेंट आल्बन्स येथील मठाधिपतीने चौदाव्या शतकात रहिवाशांची जाती जप्त करून मठाच्या जमिनीत फरशीसारखी बसविली. १३८१ च्या बंडात लोकांनी ती उखडली, फोडली व तुकडे वाटून घरी नेले. दगडाच्या तुकड्यांचा असा प्रसाद इतिहासात विरळा!

पुढे ही सक्ती हळूहळू सैल झाली. १८४६ साली परदेशी धान्यावरील जकातीचा कायदा रद्द झाला. १८७० नंतर अमेरिकेचा गहू जहाजांनी येऊ लागला व बंदरांतील पोलादी रुळांच्या गिरण्या पांढरे पीठ स्वस्तात देऊ लागल्या. खेड्यांतील चाके एकामागून एक थांबली.

काहींनी धंदा बदलला. डार्टमूरच्या उत्तर कडेस, टॉ नदीवर, स्टिकलपाथ हे गाव आहे. तेथे दळणाची व लोकरी कापडाची गिरणी होती. १८१४ साली फिंच कुटुंबाने त्या जागी लोहारशाळा घातली. तीन चाके होती : एक घण उचली, दुसरे भट्टीस वारा घाली, तिसरे सहाणेचा दगड फिरवी. धार लावणारा कारागीर त्या फिरत्या दगडावर फळी टाकून पालथा पडून काम करी. विळे, कुऱ्हाडी व फावडी तेथून भोवतालच्या शेतकऱ्यांकडे जात. १९६० साली हे काम बंद झाले. आता ती जागा नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेने राखली आहे. पाटाचे पाणी सोडले की चाक फिरते व घण पडू लागतो.