सातबाऱ्यावर नसलेल्या दोन बहिणी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि शेजारच्या मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपून काढलं. करोनाची टाळेबंदी लागून दोन महिने उलटले होते. आंब्याच्या ऐन हंगामात वाशीच्या घाऊक बाजाराचं चक्र अडखळलेलं, मुंबईहून येणारी मनीऑर्डर आटलेली, आणि अशात दोन-तीन तासांत सुपारीची आगरं आडवी झाली. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं. नारळालाही तेवढीच, कधी जास्त. म्हणजे त्या एका दुपारी बागायतदाराचा फक्त त्या वर्षाचा पैसा गेला नाही, पुढच्या सहा-सात वर्षांचाही गेला.

सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण कोकणातलं आगर हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. या दराने हातात येणार पाच हजार रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागत नव्हती.

त्याच दिवसांत ठाणे, डोंबिवली, पिंपरीच्या दोन खोल्यांत माणसं कोंडून बसली होती. नवरा-बायको दोघांचं ऑफिस घरात, मुलांची शाळा घरात, आणि जिन्यावर शेजाऱ्याच्या खोकल्याचा आवाज. गावी अंगण असलेलं घर हवं होतं, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा तीव्रतेने वाटलं. पैशाची बाजूही जुळून आली. रिझर्व्ह बँकेने मे 2020 मध्ये रेपो दर 4 टक्क्यांवर आणला. बँकांतल्या ठेवींचं व्याज घसरलं, तेव्हा ठेव मोडून जमीन घ्यावी असा हिशेब घराघरांत होऊ लागला. राज्य सरकारने 1 सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सवलत दिली, जानेवारी ते मार्च 2021 साठी ती 2 टक्के ठेवली. इकडे विकणाऱ्याला गरज, तिकडे घेणाऱ्याला ओढ आणि मध्ये 31 मार्चची तारीख.

त्या घेणाऱ्यांत मीही होते.

दापोली तालुक्यात माझं माहेर. माहेरच्या जमिनीवर मी लग्नानंतर काही वर्षांनी हक्कसोडपत्र करून दिलेलं, त्यामुळे गावात माझ्या नावाची वीतभरही जागा नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये ओळखीतल्या एका मध्यस्थाने शेजारच्या वाडीतल्या अकरा गुंठ्यांचा व्हिडिओ पाठवला. कडेला जांभ्याचा गडगा, दोन आंबे, एक विहीर. विहिरीत पाणी दिसत होतं. भाव दर आठवड्याला वाढतोय, सवलत मार्चअखेर संपतेय, आणखी दोन पार्ट्या मागे लागल्या आहेत, असं तो रोज फोनवर सांगे. मी दीड लाख रुपये विसार दिला आणि मग सातबारा नीट वाचायला घेतला. हा उलटा क्रम ही माझी पहिली चूक. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती. तिघेही विकायला तयार होते. वारस नोंदीचा जुना फेरफार काढल्यावर कळलं, वडील वारल्यानंतर दोन बहिणींची नावं चढलीच नव्हती. एक विरारला, एक सुरतेला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने येतो आणि हिंदू वारसा कायद्यात 2005 ची दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. म्हणजे त्या बहिणींच्या सह्यांशिवाय खरेदीखत झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्या दिवाणी न्यायालयात जाऊ शकल्या असत्या, आणि त्यांचं बरोबरच ठरलं असतं. भाऊ म्हणाले, त्या काही बोलणार नाहीत. मी स्वतः एका घरची मुलगी आहे. न बोलणं आणि संमती यांतलं अंतर मला ठाऊक आहे.

व्यवहार मोडला. विसार मध्यस्थाच्या हातून भावांकडे गेलेला. त्यांनी तो आगर साफ करण्यात आणि आईच्या दवाखान्यात घातलेला. परत मागायला मला तोंड नव्हतं, अन् सोडून द्यायची ऐपतही नव्हती. दोन वर्षांत तुकड्या-तुकड्याने एक लाख दहा हजार परत आले.

मे महिन्यात मी ती जागा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. विहीर कोरडी होती. जागेवर जायची पाखाडी दुसऱ्याच्या मालकीतून, कागदावर तिची नोंद कुठेच नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट मिळवून देतं, पण ते शेतावर जाण्यासाठी. चिऱ्याचा ट्रक नेऊन बंगला बांधायला ते कामी येईल असं धरून चालता येत नाही.

माझं नुकसान चाळीस हजारांवर थांबलं, म्हणून मी नशीबवान. नंतर दापोली, गुहागर, राजापूर, देवगडकडच्या ज्या ज्या घेणाऱ्यांशी बोलले, त्यांतले कित्येक जास्त खोल अडकले होते. पुण्याच्या एका जोडप्याने शेतकरी असल्याचा पुरावा नसताना कुलमुखत्यारपत्रावर शेतजमीन ‘घेतली’. कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगून ठेवलेलं. त्यांचे पैसे गेले आणि सातबारा जिथे होता तिथेच राहिला. दुसऱ्या एकाची जागा मूळ कुळाची. इतर हक्कात कलम 43 चा शेरा. कुळाच्या खरेदी प्रमाणपत्राला 10 वर्षं झाली असतील तर आकारणीच्या 40 पट रक्कम भरून अशी जमीन विकता येते. ही रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते, पण ती न भरता विक्री केली तर व्यवहार वर्षानुवर्षं लोंबकळतो. समुद्र दिसतो म्हणून जादा मोजलेल्यांचं दुःख निराळं. किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर नवं बांधकाम बंद होतं. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 50 मीटरवर आणलं, पण कोकणातल्या विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटरचीच अट राहिली. व्हिडिओत लाटा दिसतात, ही रेषा दिसत नाही.

गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट घेतलेल्यांवर जुलै 2021 मध्ये आणखी एक पेच आला. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकड्यांच्या दस्तांची नोंदणी रोखणारं परिपत्रक नोंदणी विभागाने काढलं. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्रच बदलून जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे झालं. या दोन-तीन वर्षांत पाच गुंठेवाल्यांनी दुय्यम निबंधकाच्या किती पायऱ्या झिजवल्या, ते त्यांनाच विचारावं. तुकडेबंदीचे नियम सतत बदलत असतात, म्हणून मध्यस्थाच्या तोंडची माहिती धरू नये. त्या दिवशी काय लागू आहे, ते तहसील कचेरीत आणि स्वतःच्या वकिलाकडे विचारावं. वकील स्वतःचा हवा, विकणाऱ्याने किंवा मध्यस्थाने आणून दिलेला नको.

इथवर घेणाऱ्यांचं झालं. पण गाव म्हणजे काही फक्त विकायची जमीन नाही. शहरातला पैसा येऊन भाव वाढला, तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा फटका गावातच राहणाऱ्या, जमीन नसलेल्या माणसाला बसला. वाडीतला एक गवंडी वीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधतो. भावकीतल्या वाटण्यांत त्याच्या वाट्याला एक पडवी आली. तीन गुंठे घेऊन स्वतःचं घर बांधावं म्हणून तो पैसे साठवत होता. 2020 मध्ये ज्या भावात त्याचं बोलणं चाललं होतं, 2022 मध्ये त्याच्या दुपटीच्या खाली कुणी बोलेना. आता तो पुणेकरांच्या बंगल्याचे चिरे रचतो आणि पडवीतच राहतो. तालुक्याच्या गावातही बदलून आलेल्या शिक्षक-परिचारिकांना भाड्याची खोली मिळणं अवघड झालं, कारण घरमालकांना दिवसाच्या भाड्याने पर्यटक ठेवणं परवडू लागलं.

धंद्यांचं चित्र मात्र सरळ एका रंगाचं नाही. बांधकामाशी जोडलेल्यांना दोन वर्षं उसंत नव्हती. चिरेखाण, वाळू, पत्रे, प्लंबिंग, बोअरवेल, सगळ्यांची चलती. किराणा दुकानदारालाही बरे दिवस आले, कारण गणपतीपुरता येणारा चाकरमानी 2020 मध्ये 10 दिवसांच्या विलगीकरणाची अट पाळून आला आणि पुष्कळ घरांत तो दिवाळीपर्यंत राहिला. आंब्याचा धडा तर साऱ्या कोकणाने जपून ठेवावा असा. बाजार अडला तेव्हा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी थेट बोलून पेट्या पोचवल्या. एसटीनेही मे 2020 पासून मालवाहतूक सुरू केली. तेव्हा जोडलेली गिऱ्हाइकं ज्यांनी वहीत लिहून ठेवली, दरवर्षी फोन केला, फळ खराब निघालं तर पेटी बदलून दिली, त्यांचा तो धंदा साथ ओसरल्यावरही टिकला.

टिकला नाही तो कर्जावर उभा राहिलेला पाहुणचार. 2020 च्या दिवाळीपासून कर्दे, मुरुड, लाडघरच्या किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागली. चार खोल्या कायम भरलेल्या पाहून लोकांनी आठ बांधल्या. सोनं गहाण टाकलं, पतपेढीचं कर्ज काढलं. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली, सगळं पुन्हा बंद. 16 मेच्या सुमारास तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. 22 जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि तिथून माल उचलणाऱ्या आसपासच्या दुकानदारांची उधारी, पुरवठा, सगळंच विस्कटलं. पुढे परदेशाचे रस्ते उघडले तसा शहरातला पर्यटक पुन्हा वाटला गेला. जोडून सुट्ट्या आल्या की खोल्या भरतात, एरवी रिकाम्या. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

आमच्या वाडीजवळ एका काकूंची खानावळ आहे. त्यांनी खोल्या वाढवल्या नाहीत. बंदीच्या काळात त्यांनी विलगीकरणातल्या माणसांना डबे दिले, मग बांधकामावरच्या कर्नाटकी मजुरांना, आता तालुक्याच्या बँकेतल्या आणि कृषी विद्यापीठातल्या नोकरदारांना देतात. पर्यटक आला तर त्याचं ताट वेगळं वाढतात, पण चूल त्याच्या भरवशावर पेटत नाही. धंदा काढणाऱ्याने हे जवळून बघावं. साथीत आलेलं गिऱ्हाईक हे पूर आलेल्या नदीसारखं असतं. त्या पातळीवर घाट बांधायचा नसतो.

2022 पासून ऑफिसांनी माणसं परत बोलावली. मे 2022 मध्ये रेपो दर वाढू लागला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्यांनी शहरातलं घर तारण ठेवून गावी बांधलं, त्यांचा हप्ता वाढला. आज किनाऱ्याच्या गावांतून फिरताना नव्या फाटकांना लागलेली कुलपं दिसतात. या बंद घरांची घरपट्टी येते, पण शाळेच्या पटावर मूल वाढत नाही की पालखीला खांदा मिळत नाही. मे महिन्यात मात्र मालक आठ दिवस येतो आणि त्याच्या बोअरमुळे शेजारची विहीर आटते.

गोव्यात हीच कथा आणखी मोठ्या पैशाने घडली. दिल्ली-बंगळुरूच्या मागणीने तिथल्या जुन्या घरांचे भाव स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेले. तिकडे घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाने दोन गोष्टी विसरू नयेत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. आणि जागेत मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा माणूस असेल, तर 1975 च्या कायद्याचं संरक्षण त्याच्यामागे उभं असतं.

साथ पुन्हा येईल तेव्हा फोन पुन्हा वाजू लागतील. घेणाऱ्याने तेव्हा एक वर्ष गावात भाड्याने राहावं. जुलैमध्ये वीज किती दिवस जाते ते बघावं, मेमध्ये विहिरीचा तळ बघावा, रात्री आजारी पडल्यास गाडी किती वेळात मिळते ते विचारून घ्यावं. भूमी अभिलेखची मोजणी करून घेतल्याशिवाय आणि तीस वर्षांचा शोध अहवाल हाती आल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नये. विकणाऱ्याला माझं सांगणं जास्त कळकळीचं आहे. वादळानंतरच्या पहिल्या वर्षात आगर विकू नका. पैशाची फारच नड असेल तर भाडेपट्ट्याने द्या. विकावंच लागलं तर विहीर आणि वाट स्वतःकडे ठेवा. ग्रामपंचायतींनी नवं बांधकाम मंजूर करताना पाणी कुठून येणार हे लेखी मागावं.

मी आता त्याच वाडीत दोन खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेते आणि दरवर्षी करार नवा करते. त्या तीन भावांच्या सातबाऱ्यावर गेल्या वर्षी बहिणींची नावं चढली. तुमच्या घरात जमिनीचं बोलणं सुरू झालं असेल, तर मध्यस्थाच्या आधी बहिणींना फोन करा.