काठी आधी, धीर मागून

चि. भाच्यास,

काचबिंदूने उरलीसुरली नजरही नेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तुला 'धीर धर' म्हणतो. त्यांची माया खरी आहे. पण ऐन उमेदीत दृष्टी गेलेल्यांची आयुष्यं पाहिली की एक गोष्ट ठळकपणे कळते: त्यांनी आधी कामं नव्याने शिकून घेतली, धीर मागाहून आला.

काठीचंच घे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले जवान अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात दाखल होत होते. तिथे रिचर्ड हूव्हर यांनी १९४४च्या सुमारास लांब काठीची पद्धत बसवली. काठी शरीराच्या मधोमध धरायची आणि मनगटाने खांद्यांच्या रुंदीइतकी फिरवायची. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे. त्यामुळे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. हे नुसतं ऐकून जमत नाही. प्रशिक्षकाबरोबर रस्त्यावर उतरावं लागतं.

पैशांचे व्यवहारही दुसऱ्यावर सोपवू नयेत. शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. बोटांना हा फरक सरावाने कळू लागतो. शंभराच्या कडेला चार तिरप्या उठावदार रेघा असतात, पाचशेच्या कडेला पाच. नोट मळून उठाव झिजला असेल, तर रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं 'मनी' ॲप किंमत बोलून सांगतं.

संगणकाचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या 'एनव्हीडीए'चं काम सुरू केलं आणि जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ते आजही फुकट मिळतं.

पोटापाण्याच्या कामाचंही तेच. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची नजर तरुणपणीच गेली. मुंबईत 'नॅब' या अंधांसाठीच्या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले, सुरुवातीला हातगाडीवर विकल्या आणि पुढे 'सनराइज कँडल्स' उभी केली. तिथे अनेक अंध कारागीर काम करतात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली होती. यूपीएससीत ७७३वा क्रमांक आला, तरी दृष्टीचं कारण देऊन त्यांना रेल्वेची नोकरी नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत त्या १२४व्या आल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या.

तुझी तर सरकारी नोकरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावरही टाकता येत नाही. आधीचं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल, तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं.

ताईलाही, म्हणजे तुझ्या आईलाही, हे पत्र ऐकू दे. कपाच्या कडेवर बोट ठेवलं की चहा कुठवर आला ते कळतं. तेव्हा रोजचा चहा तिने तुझ्याकडून करून घ्यावा. आणि तू राजीनामा पाठवू नकोस. या आठवड्यात यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भर आणि काठीच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदव.

तुझा,
मामा