सह्याद्रीवरील हवेच्या लाटा : ग्लायडर आणि हलके विमान

रोहे तालुक्यातील धाटाव येथून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीच्या रांगा नजरेस पडतात. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा या रांगांना अडून वर चढतो व कोकणाला पाऊस देऊन घाटमाथा ओलांडतो. ओढ्यातील खडकावरून पाणी गेले म्हणजे खडकापुढे एका जागी स्थिर लाटा उठतात. डोंगर ओलांडलेल्या हवेतही अशाच लाटा उठू शकतात. त्यांना गिरिलहरी म्हणतात.

लहरींची कारणे

डोंगररांगेवर वारा साधारणपणे काटकोनात व जोराने यावा लागतो. तसेच हवेचे थर स्थिर असावे लागतात. म्हणजे वर उचलली गेलेली हवा पुन्हा आपल्या पातळीकडे परतते आणि वरखाली हेलकावे घेत पुढे जाते. पश्चिम घाटावरून वाहणाऱ्या हवेचा व तीपासून पडणाऱ्या पावसाचा गणिती अभ्यास हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६६ च्या सुमारास प्रसिद्ध केला.

ग्लायडरला लाभ

ग्लायडरला इंजिन नसते. शांत हवेत ते सेकंदाला सुमारे एक मीटर किंवा त्याहून कमी वेगाने खाली येत राहते. हवा त्याहून वेगाने वर चढत असेल, तर ग्लायडरही वर चढते. लाट जागेवरच असल्याने वैमानिक वाऱ्याकडे तोंड करून तिच्या चढत्या भागात तासन्‌तास राहू शकतो. जर्मनीत १९३३ साली वुल्फ हिर्थ आदी वैमानिकांनी या लाटांचा शोध घेतला. २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात ‘पर्लन-२’ हे ग्लायडर याच शक्तीवर २२ किलोमीटरांहून अधिक उंचीवर पोहोचले.

सह्याद्रीवर एवढी उंची संभवत नाही. पावसाळी पश्चिमी वारा दीड-दोन किलोमीटरांवर मंदावू लागतो, अधिक उंचीवर वारे पूर्वेकडून वाहतात आणि घाट ढगांत बुडालेला असतो. पुण्याजवळ हडपसर येथे तरुणांनी ग्लायडिंगचे धडे घेतले, ते मुख्यतः उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेच्या आधारावर.

हलक्या विमानाला धोका

इंजिन असलेले हलके विमान वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसते, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अशा विमानाची चढण्याची गती सेकंदाला तीन-चार मीटरच असते व उंचीबरोबर ती घटते. जोरदार लाटेत हवा याहून वेगाने खाली कोसळू शकते. पश्चिमेचा वारा असताना पुण्याहून कोकणाकडे निघालेल्या विमानाला घाटमाथ्याच्या अलीकडेच ही उतरती हवा गाठते. वारा समोरून असल्याने पुढे सरकण्याचा वेग कमी होतो आणि त्या हवेतला मुक्काम वाढतो. लाटेखालील भोवऱ्यांची भर निराळीच. धाटावकडून पुण्याकडे जाणाऱ्यास मात्र तोच वारा माथ्यापर्यंत वर उचलतो.

म्हणून रांग ओलांडताना माथ्याच्या वर निदान सहाशे मीटर अंतर राखावे, वारा जोराचा असल्यास त्याहूनही अधिक. रांगेकडे सरळ न जाता सुमारे ४५ अंशांच्या कोनात जावे, म्हणजे विमान खाली जाऊ लागताच थोड्या वळणाने माघार घेता येते. वाऱ्याचा जोर अधिक असल्यास उड्डाण लांबणीवर टाकावे, हेच शहाणपणाचे.

एकच लाट एकाला वर नेते आणि दुसऱ्याला डोंगराकडे दाबते. ग्लायडरच्या वैमानिकाला हवा ओळखल्यावाचून गत्यंतर नसते. इंजिनाच्या आधारे उडणाऱ्यानेही तीच ओळख करून घेणे त्याच्या व प्रवाशांच्या हिताचे आहे.