इंग्लंडमधील ग्रामचर्च : ईम गावाचे उदाहरण

एका चर्चच्या अधिकारक्षेत्रातील वस्तीला 'पॅरिश' म्हणतात. वसईच्या ख्रिस्ती समाजात यासाठी 'धर्मग्राम' हा समर्पक शब्द रूढ आहे. इंग्लंडच्या खेड्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन हे तिन्ही विधी याच चर्चमध्ये होत आणि १५३८ पासून त्यांची नोंद चर्चच्या वहीत ठेवणे बंधनकारक झाले. सभोवतालच्या पवित्र भूमीत वाडवडिलांशेजारी विसावणे हा ग्रामस्थाचा हक्कच मानला जाई. हा हक्क किती मोलाचा होता, हे डर्बीशायरमधील ईम गावावरून ध्यानात येते.

तेथील सेंट लॉरेन्स चर्च एका काळाचे नाही. आवारातील कोरीव दगडी क्रूस आठव्या शतकातील, म्हणजे आजच्या इमारतीहूनही जुना. भिंतीवरील सूर्यघड्याळ १७७५ चे. बराच भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलेला. ग्रामचर्चे अशीच थराथराने वाढतात. त्यांची एकच एक शैली शोधत बसणे व्यर्थ होय.

१६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर गावात प्लेग शिरला. विल्यम मॉम्पेसन हे तरुण धर्मगुरू नुकतेच नेमले गेले होते. त्यांच्याआधीचे टॉमस स्टॅन्ली यांना धार्मिक मतभेदामुळे पद सोडावे लागले होते, तरी ते गावातच होते. परस्परविरोधी पक्षांचे हे दोघे एकत्र आले, हे विशेष. १६६६ च्या जूनमध्ये त्यांनी गावकऱ्यांना तीन गोष्टी मान्य करावयास लावल्या : कोणी सीमेबाहेर जाऊ नये, चर्च बंद ठेवून उपासना उघड्या घळीत व्हावी, आणि प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपणच, घराजवळ पुरावेत. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठीण होती. त्या श्रद्धाळू माणसांनी पिढीजात दफनभूमीच सोडून दिली. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅन्कॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले आपल्या हातांनी शेतात पुरली. त्यांच्या कबरी आजही गावाबाहेर, माळावर दिसतात.

सुमारे २६० माणसे दगावली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन हीही त्याच ऑगस्टमध्ये मरण पावली; तिची कबर मात्र चर्चच्या आवारात, त्या प्राचीन क्रुसाजवळ आहे. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गावकरी त्याच घळीत स्मरणोपासना करतात.