दोनाचे चार, तिनाचे पाच?

पाचवीत शिकवलेले सममूल्य अपूर्णांक किती मुरले, ते सहावी-सातवीत गुणोत्तराचा धडा आला की कळतं. वर्गात शिकवताना माझ्या गाठीला आलेल्या या काही गोष्टी.

१. मुलं बेरीज करणारच. निळ्या रंगाचे २ डबे आणि पिवळ्याचे ३ मिसळून एक हिरवा होतो. तोच हिरवा हवा, निळे ४ घेतले, तर पिवळे किती? अर्धा वर्ग ‘५’ म्हणतो. इकडे दोन वाढले, तिकडेही दोन वाढवले. न्यायाला धरूनच आहे ते! ‘चूक’ म्हणण्यापेक्षा त्याच वाटेनं पुढे जाऊ द्यावं. निळे १००, मग पिवळे १०१? रंग तोच राहील? कुणीतरी पुटपुटतं, ‘बाई, हा जास्त निळा दिसेल.’ नियम फळ्यावर लिहायचा तो त्यानंतर.

२. राष्ट्रध्वज हे माझं लाडकं उदाहरण. लांबी आणि उंचीचं गुणोत्तर ३:२. ध्वजसंहितेत दिलेली मापं नऊ. सर्वांत मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० × १००. मुलांना आधी वजाबाकी करायला लावते. मोठ्या ध्वजात लांबी उंचीपेक्षा २१०० मिलिमीटरनं जास्त, लहानात अवघी ५०. मग भागाकार. कुठलंही माप घ्या, उत्तर दीड. फरक बदलतो, पट बदलत नाही, हे सांगायची मला गरजच पडत नाही.

३. ‘कशाचा?’ हे विचारायची सवय लावा. गिलाव्याचा माल ‘एकास सहा’ असतो: एक घमेलं सिमेंट, सहा घमेली वाळू. सिमेंट एकूण मालाचा कितवा भाग? हुशार मुलंही १/६ म्हणून मोकळी होतात. ते वाळूच्या तुलनेत. कोरड्या मालाची घमेली सात, म्हणून १/७. गवंड्याच्या घरचं मूल सहसा इथे फसत नाही.

४. तिरकस गुणाकार उशिरा द्या. ६/९ आणि १०/१५ घ्या. ६ × १५ आणि ९ × १०, दोन्ही ९०, म्हणून समान. पण का? छेद १३५ केला की दोन्ही अपूर्णांक ९०/१३५ होतात, एवढंच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ. स. ११५०) त्रैराशिकही याच कुळातलं: इच्छेला फलानं गुणा, प्रमाणानं भागा (रंगाच्या उदाहरणात ४ × ३ ÷ २). रीत बिनचूक आहे, आणि म्हणूनच ती आधी हाती पडली की मूल विचार करायचं थांबतं.

५. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलावर चिडू नका. ते हे गुणपत्रिकेवरून शिकलेलं असतं. एका चाचणीत १० पैकी ५, दुसरीत २० पैकी १८, मिळून ३० पैकी २३. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले, आणि ते बरोबरच आहे! मग गफलत कुठे? ५/१० च्या जागी १/२ लिहून बघा. तीच रीत आता १९/२२ देते. ५०/१०० लिहिलं तर ६८/१२०. म्हणजे गुणांच्या हिशेबात सममूल्य अपूर्णांक एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लांबीच्या हिशेबात बसतात: अर्धा मीटर आणि ९/१० मीटर फीत जोडा, अर्ध्याला ५/१० म्हणा नाहीतर ५०/१००, फीत १.४ मीटरच भरते. अपूर्णांकांची बेरीज म्हणतात ती ही. या एका मुद्द्यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्यावा. शिवाय २/५ हे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घालून कमी कसं झालं, हे मुलालाच विचारावं.

६. शेवटी पेपर तपासणाऱ्यांना एक विनंती. प्रश्नात ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ असं म्हटलं नसेल, तर ३/४ च्या जागी १२/१६ लिहिणाऱ्याचा गुण कापू नका. उत्तर बरोबर आहे.